फ्रीमेसन लॉज आणि प्रभूचे मेज: एका ख्रिस्ती बंधूच्या प्रश्नाला उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यातील एका प्रोटेस्टंट मंडळीत बाप्तिस्मा आणि दृढीकरण झालेल्या, कारखान्यात अभियंता असलेल्या एका बंधूंना त्यांच्या वरिष्ठांनी फ्रीमेसन लॉजमध्ये, म्हणजे फ्रीमेसन या जुन्या बंधुसंघटनेच्या स्थानिक शाखेत, येण्याचे निमंत्रण दिले आहे. ते लिहितात की, देवावर श्रद्धा असणे ही तेथे प्रवेशाची पहिली अट आहे, सभागृहात पवित्र शास्त्र उघडे ठेवलेले असते, सभासद धर्मादाय कामाला सढळ हाताने पैसा देतात आणि निमंत्रण देणारे गृहस्थ स्वतः अत्यंत सचोटीचे आहेत. दुसरीकडे मंडळीतील काही जण त्यांना ‘ही सैतानाची पूजा आहे’ अशा चित्रफिती पाठवत आहेत, आणि तेथे काय चालते हे नवऱ्याने आपल्यालाही सांगायचे नाही, या कल्पनेनेच त्यांची पत्नी अस्वस्थ झाली आहे. प्रभू येशूवरील विश्वास न सोडता फ्रीमेसन होता येते का, असे त्यांनी विचारले आहे.

माझे उत्तर आधी सांगतो आणि मग कारणे देतो. बंधो, आपण जाऊ नये. मी ३४ वर्षे पाळकाचे काम केले, त्यातील काही वर्षे धर्मशिक्षण घेणाऱ्या विद्यार्थ्यांना मंडळीचा इतिहास शिकवला, आणि या काळात लॉजचे सभासद असलेली किंवा होऊ पाहणारी अनेक ख्रिस्ती माणसे माझ्याकडे येऊन गेली. त्यांच्यापैकी एकालाही मी वाईट माणूस म्हणू शकत नाही. माझा आक्षेप माणसांवर नाही; लॉजच्या बंद दारामागे ख्रिस्ती माणसाला जे म्हणावे लागते आणि जे म्हणता येत नाही, त्यावर आहे.

आपल्याला आलेल्या चित्रफितींचा विषय आधी संपवतो, कारण खोट्या आरोपाच्या आधाराने दिलेला खरा सल्लाही टिकत नाही. फ्रीमेसन गुप्तपणे लुसिफरची, म्हणजे सैतानाची, पूजा करतात, ही कथा मुख्यतः लिओ टॅक्सिल या फ्रेंच लेखकाने पसरवली. त्याने अनेक वर्षे भयानक वर्णनांची पुस्तके लिहिली, पुष्कळ धर्मगुरूंनी ती खरी मानली, आणि १९ एप्रिल १८९७ रोजी पॅरिसमधील भरसभेत त्याने स्वतःच सांगितले की, हे सगळे आपण रचलेले होते. अल्बर्ट पाइक या अमेरिकन मेसनच्या तोंडी घातलेले लुसिफरविषयीचे वाक्य आजही फिरते, तेही याच बनावट साहित्याच्या वळचणीचे आहे. ख्रिस्ती माणसाने शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देऊ नये, ही आज्ञा लॉजमधल्या शेजाऱ्यालाही लागू आहे. आपल्या मंडळीतील बंधुभगिनींना हे प्रेमाने सांगा आणि त्या चित्रफिती पुढे पाठवू नका.

फ्रीमेसनरीचा जन्म ख्रिस्ती लोकांच्याच हातून झाला, हेही मान्य केले पाहिजे. २४ जून १७१७ रोजी, म्हणजे बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाच्या सणाच्या दिवशी, लंडनमधील चार लॉज एकत्र येऊन पहिली ग्रँड लॉज, म्हणजे लॉजांची शिखर संस्था, स्थापन झाली, असे परंपरेने मानतात. १७२३ मध्ये तिची नियमावली तयार करणारे जेम्स अँडरसन हे स्कॉटिश प्रेस्बिटेरियन पाळक होते, आणि तिच्या सुरुवातीच्या ग्रँड मास्टरांपैकी (प्रमुखांपैकी) एक असलेले जॉन देसागुलिए हे चर्च ऑफ इंग्लंडचे दीक्षित धर्मसेवक होते. धर्माच्या नावाने झालेल्या रक्तपाताची आठवण त्या पिढीच्या मनात ताजी होती. निरनिराळ्या पंथांच्या माणसांना एका टेबलाभोवती भांडणाशिवाय बसता यावे, ही त्यांची इच्छा समजण्यासारखी आहे. अँडरसन यांच्या पहिल्याच कलमात म्हटले आहे की, ज्या धर्माविषयी सर्व माणसांचे एकमत आहे तेवढाच धर्म सभासदांवर बंधनकारक असावा आणि बाकीची मते ज्याची त्याच्यापाशी राहावीत. आपला सगळा प्रश्न या एका वाक्यात दडलेला आहे, म्हणून ते लक्षात ठेवावे. सर्व माणसांचे ज्याविषयी एकमत आहे त्यात येशू ख्रिस्त बसत नाही, वधस्तंभ बसत नाही आणि रिकामी कबरही बसत नाही.

आपल्याकडची गोष्टही सांगितली पाहिजे, कारण पश्चिम भारतात लॉजने केलेले एक काम खरोखर चांगले होते. १८४३ मध्ये डॉ. जेम्स बर्न्स यांनी मुंबईत ‘रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया’ ही लॉज खास भारतीयांना प्रवेश मिळावा म्हणून स्थापन केली. माणेकजी करसेटजी या पारशी गृहस्थांना त्याआधी मुंबईतील युरोपीय लॉजने दार उघडले नव्हते. ज्या काळात साहेबांच्या क्लबात भारतीय माणूस पाहुणा म्हणूनही चालत नसे, त्या काळात या सभागृहात इंग्रज अधिकारी आणि पारशी व्यापारी एका पातळीवर उभे राहून एकमेकांना बंधू म्हणत होते. दादाभाई नवरोजी आणि फिरोजशहा मेहता यांच्यासारखी माणसे या संस्थेत गेली, ती काही खुळी नव्हती. त्याच शहरात ख्रिस्ती उपासनामंदिरांमध्ये गोऱ्यांची आणि देशी लोकांची उपासना पुष्कळदा वेगळी होत असे, हे आठवले की आपल्याच मंडळीची मान खाली जाते. २४ नोव्हेंबर १९६१ रोजी ग्रँड लॉज ऑफ इंडिया स्वतंत्रपणे स्थापन झाली. तिच्या सभागृहात भगवद्गीता, कुराण, बायबल, गुरू ग्रंथसाहिब आणि झेंद अवेस्ता असे पाच धर्मग्रंथ मांडलेले असतात आणि येणारा सभासद आपल्या धर्माच्या ग्रंथावर शपथ घेतो. आपल्या निमंत्रकांनी ‘बायबल उघडे असते’ असे सांगितले, ते अगदी खरे आहे.

सर्व धर्मांच्या माणसांबरोबर एकत्र बसण्यात दोष नाही, असे मी मानतो. आपण महाराष्ट्रात राहतो. आपले शेजारी, शिक्षक, डॉक्टर, सोबत काम करणारे, सगळे निरनिराळ्या श्रद्धेचे आहेत आणि त्यांच्याबरोबर रक्तदान शिबिर भरवणे, शाळा चालवणे, दुष्काळात टँकरची सोय करणे हे ख्रिस्ती माणसाचे कर्तव्यच आहे. रोटरी किंवा लायन्स क्लबचे निमंत्रण असते तर मी आपल्याला पत्र लिहायलाही बसलो नसतो. लॉजची गोष्ट वेगळी आहे. तेथे वेदीसारखे पीठ आहे, धर्मग्रंथावर हात ठेवून गुडघे टेकून घेतलेली शपथ आहे, आरंभी आणि शेवटी प्रार्थना आहे, मृत्यू आणि पुन्हा उठणे यांचे नाट्य आहे, आणि चांगल्या आचरणाने मनुष्य वरच्या चिरंतन लॉजमध्ये पोहोचेल अशी आशाही आहे. एवढे सगळे असताना ‘आमचा धर्म नाही’ असे लॉजचे अधिकृत म्हणणे असते. ते लोक हे प्रामाणिकपणेच म्हणतात, याविषयी मला शंका नाही. परंतु १८६७ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या प्रार्थना समाजाने ‘आम्ही एका देवाची उपासना करतो’ असे उघड सांगितले आणि त्यामुळे ख्रिस्ती माणसाला त्यांच्याशी आदराने मतभेद मांडता आला. जेथे उपासनेची सगळी अंगे आहेत आणि नाव मात्र दुसरे आहे, तेथे मतभेद मांडायलाही जागा उरत नाही.

आता त्या प्रार्थनेकडे वळतो. लॉजमधील प्रार्थना ‘विश्वाच्या महान शिल्पकाराला’ उद्देशून असते. देवाला शिल्पकार म्हणण्यात काही वावगे नाही. इब्री लोकांस पत्राच्या ११व्या अध्यायात अब्राहाम ज्या नगराची वाट पाहत होता ते देवाने योजलेले आणि बांधलेले आहे असे म्हटलेच आहे. अडचण त्या नावापाशी थांबण्याची आहे. लॉजच्या पहिल्या तीन पदव्यांत, म्हणजे सभासदत्वाच्या पायऱ्यांत, येशूच्या नावाने प्रार्थना होत नाही, आणि ती मुद्दाम होत नाही, कारण दुसऱ्या धर्माच्या बंधूला ती जड जाईल. १८१३ मध्ये इंग्लंडमधील दोन प्रतिस्पर्धी ग्रँड लॉज एक झाल्या, त्यानंतर विधींमध्ये उरलेले बरेचसे ख्रिस्ती उल्लेखही काढून टाकण्यात आले. लॉजच्या बाजूने पाहिले तर हे सुसंगत आहे. परंतु आपण ज्याच्या नावाने बाप्तिस्मा घेतला त्याने म्हटले आहे, “मार्ग, सत्य व जीवन मीच आहे, माझ्याद्वारे आल्यावाचून पित्याकडे कोणी येत नाही.” घरी, मंडळीत, रुग्णाच्या खाटेपाशी आपण प्रत्येक प्रार्थना त्याच्या नावाने संपवतो. महिन्यातून एका संध्याकाळी, स्वतःच्या संमतीने, शिष्टाचार म्हणून ते नाव बाहेर चपलांपाशी ठेवून आत जायचे आणि आत देवापुढे डोके टेकवायचे, हे आपल्याला शक्य आहे का, असा विचार करा. मला ते शक्य वाटत नाही. ज्या मित्राला मी माझ्या घरी येशूच्या नावाने जेवणावर आशीर्वाद मागताना चालतो, त्याच्या घरी मी मुकाट उभा राहिलो तर तो माझा आदर आहे. दोघांनी मिळून एक तिसरा, कोणाचाच नसलेला देव तयार केला, तर तो दोघांच्याही श्रद्धेचा अनादर आहे.

काही मेसन बंधू म्हणतात की, मनात येशूचे नाव घेण्यास कोणी मनाई करत नाही. खरे आहे. परंतु ख्रिस्ती कबुली ओठांनी द्यायची असते, असे रोमकरांस पत्राच्या १०व्या अध्यायात सांगितले आहे.

शपथेविषयी मी थोडे सविस्तर लिहितो, कारण या बाबतीत ख्रिस्ती लोक दोन्ही टोकांना जातात. प्रभूने डोंगरावरील प्रवचनात शपथच वाहू नका असे सांगितले आणि “तुमचे बोलणे, होय तर होय, नाही तर नाही, एवढेच असावे” असे म्हटले. मंडळीच्या बहुतेक परंपरांनी याचा अर्थ असा घेतला की, न्यायालयात किंवा तशाच गंभीर प्रसंगी, जेथे अधिकारी शपथ मागतो आणि कोणाचे तरी हित त्यावर अवलंबून असते, तेथे ती घेता येते. व्यर्थ आणि उतावळी शपथ मात्र कधीच घेता येत नाही. लॉजमधील शपथ कोणीही न्यायाधीश मागत नाही, तिच्यावर कोणाचा जीव अवलंबून नसतो, आणि मुख्य म्हणजे ती घेणाऱ्याने ज्या गोष्टी गुप्त ठेवायच्या त्या त्याला शपथेनंतरच सांगितल्या जातात. यात तुमच्या धार्मिक किंवा नागरी कर्तव्याला बाध येईल असे काही नाही, असे आश्वासन अध्यक्ष आधी देतात. परंतु माझ्या प्रभूविषयीच्या कर्तव्याला कशाने बाध येतो, हे दुसऱ्या माणसाच्या शब्दावर मी आधीच कसे मान्य करू? हेरोद राजाने मेजवानीत काय मागितले जाईल हे न ऐकताच शपथ वाहिली आणि पुढे बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचे शिर तबकात आले. लॉजमध्ये तसे भयंकर काही घडते असे मी सुचवत नाही; न पाहता बांधून घेण्याची चूक मात्र त्याच जातीची आहे. पूर्वी या शपथेत गळा चिरला जाण्यासारख्या शिक्षांचे शब्द होते. त्या प्रतीकात्मक होत्या आणि इंग्लंडच्या युनायटेड ग्रँड लॉजने १९८६ मध्ये त्या शपथेतून वगळण्याचा ठराव केला. जे वगळले त्याचा ठपका आज ठेवू नये. तरीही हे वगळावे लागले, यावरून आधीच्या कैक पिढ्यांतील ख्रिस्ती सभासदांनी देवाच्या ग्रंथावर हात ठेवून काय उच्चारले होते, याची कल्पना येते.

गुप्ततेविषयी आपल्या मराठी ख्रिस्ती समाजाला एक जुना अनुभव आहे. १८४९ च्या सुमारास मुंबईत परमहंस सभा नावाची मंडळी स्थापन झाली. जातिभेद मोडावा, एका देवाला भजावे असा तिचा हेतू उदात्त होता, सभासद एकमेकांच्या हातचे खात, ख्रिस्ती माणसाने भाजलेला पाव मुद्दाम खात. पण हे सगळे दार लावून चालत असे. १८६० च्या सुमारास सभासदांची नावे उघडकीस आली आणि घाबरून सभा विस्कटली. मराठी ख्रिस्ती लेखक बाबा पदमनजी या सभेत होते. त्यांनी मात्र १८५४ मध्येच, घरादाराशी नाते तुटण्याची किंमत मोजून, उघडपणे बाप्तिस्मा घेतला होता. ज्या समाजाच्या पूर्वजांनी विश्वास उंबऱ्याबाहेर, सर्वांच्या देखत कबूल करण्यासाठी एवढे सोसले, त्यातल्या माणसाने आपल्या पत्नीलाही न सांगण्यासारखे काही देवापुढे करावे, हे मला फार क्लेशदायक वाटते. आजकाल लॉजचे बहुतेक विधी छापील पुस्तकांत मिळतात आणि खरे गुपित ओळखीच्या खुणांपुरतेच उरले आहे, असे सभासद सांगतात, आणि त्यात तथ्य आहे. मग आपल्या निमंत्रकांना विनंती करा की, शपथेचा मजकूर आधी घरी नेऊन पत्नीबरोबर वाचू द्या. उत्तर काय येते, त्यावरून पुष्कळ कळेल.

माझ्या दृष्टीने सर्वांत गंभीर भाग तिसऱ्या पदवीचा आहे, आणि तो मला पुस्तकातून नव्हे तर एका वृद्ध सभासदाकडून समजला. मी सेवा करत असलेल्या एका मंडळीत रेल्वेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ होते. एका उत्तम शुक्रवारच्या उपासनेनंतर ते वेस्ट्रीत, म्हणजे उपासनामंदिरातील पाळकाच्या खोलीत, आले. टेबलावर दानाच्या थैल्या आणि नोंदवही होती. ती त्यांनी हलकेच बाजूला सरकवली आणि हातातली चपटी चामडी पेटी उघडली. आत लॉजच्या सभेत कमरेला बांधायचा कोकराच्या कातड्याचा एप्रन होता, कडेला फिकट निळी पट्टी, तीन निळी फुले आणि दोन्ही बाजूंना चंदेरी साखळ्यांचे सात-सात गोंडे. पांढरे कातडे पिवळसर पडले होते. आपण गेल्यावर हा पेटीत, म्हणजे शवपेटीत, ठेवता येईल का, असे विचारायला ते आले होते. मी लगेच काही बोललो नाही, आणि मग ते स्वतःच बोलू लागले. पहिल्या रात्री डोळ्यांवर पट्टी, गळ्यात दोर, उजवा हात, छातीची डावी बाजू आणि डावा गुडघा उघडा, अशा स्थितीत त्यांना विचारले होते की, या अंधारात तुमच्या मनाला सर्वांत जास्त कशाची ओढ आहे. “मी ‘प्रकाश’ म्हणालो, पाळकसाहेब. शिकवलं होतं तसं. दृढीकरण झालेला माणूस मी, आणि मी अंधारात आहे असं सांगितलं.” आणि मग, बरेच थांबून, तिसऱ्या पदवीविषयी: “मला मेलेला करून खाली निजवलं. मग हात धरून उठवलं. तेव्हा प्रभूचं नाव कोणी घेतलं नाही.”

ते नाट्य असे आहे. शलमोनाच्या मंदिराचा मुख्य कारागीर हीराम याला तीन मजूर गुपित सांगण्यासाठी अडवतात. तो सांगत नाही आणि मारला जातो. त्याचे प्रेत शोधून उचलले जाते. उमेदवाराला हीरामच्या जागी उभे करतात, पाडतात आणि उठवतात. आपण आपले पवित्र शास्त्र उघडून पाहा. पहिल्या राजांच्या ७व्या अध्यायात नफताली वंशातील विधवेचा मुलगा असलेला हा कारागीर सोर नगराहून येतो, पितळेचे खांब, गंगाळसागर, भांडी घडवतो आणि शलमोन राजाचे सगळे काम पुरे करतो, असे ४०व्या वचनात स्पष्ट लिहिले आहे. त्याचा खून झाला असे शास्त्रात कोठेही नाही. बायबल पीठावर उघडे आहे आणि त्याच बायबलातील माणसाची वेगळीच कथा त्याच्यासमोर सादर होते, ही गोष्ट पुष्कळ ख्रिस्ती सभासदांच्या लक्षातही आलेली नसते.

मेसन लोक म्हणतील की, हे पुनरुत्थानाचे नाट्य नाही, मरेपर्यंत वचन पाळावे एवढाच त्याचा बोध आहे. मी ते मान्य करतो आणि तरीही म्हणतो की, ख्रिस्ती माणसाला हे नाट्य खेळता येत नाही. रोमकरांस पत्राच्या ६व्या अध्यायाप्रमाणे आपण बाप्तिस्म्यात ख्रिस्ताबरोबर मरणात पुरले गेलो आणि त्याच्याबरोबर उठवले गेलो. हे एकदाच घडते. ज्याचा मृत्यू आणि उठणे असे एकदा ख्रिस्ताशी जोडले गेले आहे, त्याने देवाची प्रार्थना करून, धर्मग्रंथापुढे, दुसऱ्या एका माणसाच्या मृत्यूत स्वतःला घालून घ्यायचे आणि दुसऱ्या एका हाताने उठवून घ्यायचे, यात बाप्तिस्म्याचा अर्थ झाकला जातो. कोणी अपमान करण्याच्या हेतूने हे करत नाही. म्हणूनच ते अधिक अवघड आहे.

त्याला जोडूनच लॉजच्या शिकवणीतील दगड येतो. खडबडीत दगड घासून, गुण्या लावून, चौरस गुळगुळीत करायचा, तसे माणसाने स्वतःला घडवायचे. सद्गुणांची शिकवण म्हणून ती सुंदर आहे. पण तारणाची आशाही जेव्हा याच घासण्यावर उभी राहते, तेव्हा इफिसकरांस पत्राचा दुसरा अध्याय आठवावा लागतो: तारण कृपेने आहे, देवाचे दान आहे, कर्मांनी नाही. पेत्रही आपल्याला दगडच म्हणतो, जिवंत दगड, पण कोनशिला ख्रिस्त आहे आणि रचणारा देव आहे.

निरनिराळ्या मंडळ्यांनी काय ठरवले ते आता सांगतो. कॅथलिक मंडळीचा निर्णय सर्वांत जुना आणि सर्वांत स्पष्ट आहे. पोप बारावे क्लेमेंट यांनी २८ एप्रिल १७३८ रोजी मनाई केली, तेराव्या लिओ यांनी १८८४ मध्ये तिची तात्त्विक मांडणी केली. वसई किंवा गोव्यातील एखादा कॅथलिक वाचक हे वाचत असेल, तर त्याच्यासाठी एक खुलासा आवश्यक आहे. १९८३ च्या नव्या धर्मसंहितेत फ्रीमेसनांचे नाव उरले नाही, म्हणून मनाई उठली, असे लॉजमध्ये बऱ्याचदा सांगितले जाते. ते बरोबर नाही. ती संहिता २७ नोव्हेंबर १९८३ रोजी अमलात आली आणि आदल्याच दिवशी रोमच्या धर्मसिद्धांत विभागाचे प्रमुख कार्डिनल रॅट्झिंगर यांच्या सहीने घोषणा झाली की, मंडळीचे मत बदललेले नाही, सभासद होणारा गंभीर पापाच्या अवस्थेत आहे आणि त्याने पवित्र कम्युनियन, म्हणजे प्रभूच्या मेजावरील भाकर व द्राक्षारस, घेऊ नये. स्थानिक अधिकाऱ्यांना यात सूट देता येणार नाही. फिलिपिन्समधील एका बिशपांनी विचारणा केल्यावर नोव्हेंबर २०२३ मध्ये रोमने हेच पुन्हा सांगितले. त्याआधी जर्मनीच्या बिशपांनी तर १९७४ ते १९८० अशी सहा वर्षे लॉजच्या प्रतिनिधींशी संवाद केला, विधींचा अभ्यास केला, आणि मैत्रीचे संबंध राखूनही शेवटी एकाच वेळी दोन्हींत राहता येत नाही या निष्कर्षावर ते आले. मला ही पद्धत सर्वांत आदर्श वाटते.

ग्रीसच्या ऑर्थोडॉक्स मंडळीने १९३३ मध्ये असाच निर्णय दिला. प्रोटेस्टंट मंडळ्यांमध्ये एकवाक्यता नाही, हे मी आपल्यापासून लपवत नाही. ब्रिटनच्या मेथडिस्ट मंडळीने १९८५ मध्ये आपल्या लोकांना सभासद होऊ नये असा सल्ला दिला. चर्च ऑफ इंग्लंडच्या सिनॉडने (धर्मसभेने) १९८७ मध्ये यावरील अहवाल ३९४ विरुद्ध ५२ मतांनी स्वीकारला. त्यात गंभीर आक्षेप होते, पण बंदी नव्हती. त्या अहवालाने रॉयल आर्च या पुढच्या पदवीतील एका संमिश्र देवनामाला ईश्वरनिंदा म्हटले होते आणि इंग्लंडच्या मेसनांनी ते नाव १९८९ मध्ये काढून टाकले. अमेरिकेच्या सदर्न बॅप्टिस्ट लोकांनी १९९३ मध्ये अनेक गोष्टी ख्रिस्ती शिकवणीशी विसंगत ठरवूनही निर्णय ज्याच्या त्याच्या विवेकावर सोडला. १९४५ ते १९६१ या काळात कँटरबरीचे आर्चबिशप असलेले जेफ्री फिशर स्वतः मेसन होते, आणि स्वीडनमधील मेसन परंपरेत तर ख्रिस्ती असणे हीच प्रवेशाची अट असते. तेव्हा आपले निमंत्रक ‘मोठमोठे बिशपही आमच्यात होते’ असे म्हणाले, तर ते खोटे बोलत नाहीत. माझे म्हणणे एवढेच की, आपल्याला स्वीडनच्या लॉजचे निमंत्रण नाही, पाच ग्रंथ मांडलेल्या भारतीय लॉजचे आहे. आणि बिशपांनाही हीरामची कथा शास्त्राशी ताडून पाहावी लागेलच.

जे ख्रिस्ती बंधू आधीच सभासद आहेत, त्यांच्यासाठी दोन शब्द. आपल्यावर शाप नाही. हल्ली काही ठिकाणी मेसन आजोबांमुळे नातवंडांना रोग होतात असे सांगून शाप तोडण्याच्या प्रार्थना घेतल्या जातात. यहेज्केलाच्या १८व्या अध्यायात बापाच्या पापाचा भार मुलावर नाही असे देवाने स्वतः सांगितले असताना, घाबरलेल्या माणसांवर ही आणखी एक भीती कशाला लादायची? लेवीयाच्या ५व्या अध्यायात न कळत, उतावीळपणे वाहिलेल्या शपथेसाठी कबुली आणि अर्पण सांगितले आहे. आपले अर्पण ख्रिस्ताने केले आहे. कबुली तेवढी आपण आपल्या पाळकापाशी किंवा धर्मगुरूपाशी द्यावी. लॉजच्या सचिवांना दोन ओळींचे सभ्य राजीनामापत्र लिहावे, देणी बाकी असतील तर चुकती करावीत, ज्यांना बंधू म्हटले त्यांच्याशी मैत्री तोडू नये, आणि त्यांच्या ओळखीच्या खुणा चव्हाट्यावर मांडण्याचीही गरज नाही.

त्या वृद्ध गृहस्थांनी असेच केले. एप्रन शवपेटीत ठेवण्याचा विचार त्यांनी स्वतःच सोडला, तो मुलाच्या हवाली केला, आणि २७ वर्षांनी पहिल्यांदा पत्नीला सगळे सांगितले. दोन वर्षांनी ते गेले तेव्हा लॉजचे पाच-सहा सभासद अंत्यविधीला आले होते. त्यांपैकी बहुतेक ख्रिस्ती नव्हते. ते मागच्या बाकावर बसले, गीतांचे पुस्तक मागून घेतले आणि शेवटचे गीत होईपर्यंत उभे राहिले. मी त्यांच्याशी हात मिळवला आणि मनापासून आभार मानले.

बंधो, आपले नाव दिवाळीनंतरच्या सभेत पुढे येणार आहे, असे आपण लिहिले आहे. त्याआधी हे उत्तर पत्नीला वाचून दाखवा, आपल्या पाळकांना भेटा, आणि मग वरिष्ठांना समोर बसून नकार द्या, फोनवर किंवा निरोपाने नको. नोकरीत त्याचा त्रास होईल या भीतीने टाळाटाळ करू नका. ज्यांना आपण सचोटीचे म्हणता ते गृहस्थ, ‘मला येशूच्या नावावाचून प्रार्थना करता येणार नाही’ हे वाक्य समजून घेतील. त्यांच्या लॉजतर्फे जे रुग्णसाहाय्य किंवा शिष्यवृत्तीचे काम चालते, त्याला हातभार लावण्याची आपली तयारी असेल, तर तेही त्याच भेटीत सांगा.